मोटारीचे खांदे

मोठ्या भावाचं आणि माझं वैर एका मोटारीवरून सुरू झालं असं गावात सांगतात. ते खोटं आहे. आम्ही लहानपणापासूनच एकमेकांना पाण्यात पाहत आलो होतो. मोटार नंतर आली.

साठ सालच्या आगेमागे मी पांढरकवड्याला शाळेत मास्तर होतो आणि केळापूरजवळच्या आमच्या खेड्यातून सायकलनं ये-जा करायचो. पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर नोकरी सोडून जाताना आपली लढाईच्या आधीची मोटार शेडमागे टाकून गेला. टपाला भोकं, सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं, इंजिन गंजून गच्च. न्यायची असेल तर न्या, जिनिंगवाले म्हणाले. मी नेली, म्हणजे भावाच्या बैलांनी ओढली. तीन मैल तो माझा उद्धार करत चालला होता. "माह्या बैलाईनं तुह्यं मढं ओढावं काय?" हे त्यानं वाटेत भेटेल त्याला ऐकवलं.

गोठ्यात मोटारीला जागा करायची म्हणून त्याचा एक बैल छपराबाहेर बांधावा लागला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेना. मी समोर बसलेला असलो तरी जे सांगायचं ते वहिनीला सांगे. मीही कमी नव्हतो. तो दुपारी आडवा झाला की मी मुद्दाम पत्रा ठोकायला घेई.

दोन वर्षं माझे सगळे रविवार त्या गोठ्यात गेले. कुजलेला लाकडी सांगाडा काढून सुताराकडून सागाचा करवून घेतला. गळक्या रेडिएटरला स्वतः कथलाचे डाग दिले. टप उडवून टाकलं, मोटार उघडी केली आणि तिला लाल रेक्झिनची सीट बसवली. गावातले शहाणे येऊन बसत. जन्मात ज्यांनी पाना धरला नव्हता, ते मला इंजिन शिकवीत. मी त्यांना हाकलून देई, आणि माझ्याबद्दल गावात काय बोललं जातं याची मला चांगली कल्पना होती.

श्रावणात इंजिन सुरू झालं. भाऊ जेवता जेवता उष्ट्या हातानं बाहेर आला आणि उभा राहिला. नाल्याच्या उतारावर मी ब्रेक तपासले. मोटार जागच्या जागी थांबली. तो पळसाखाली उभा राहून तेही बघत होता. चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी भोंगा आणायला यवतमाळला गेलो आणि तिथेच राहिलो. पोळ्याला सकाळी परतलो तर पुढच्या दोन्ही मडगार्डांवर पिवळे तेलकट डाग. पोरांना शिव्या घालत मी ते रॉकेलनं पुसून काढले. दुसऱ्या दिवशी मोटार बाहेर काढली. पांढरकवड्याच्या बाजारातून भोंगा वाजवत जायचं, एवढंच दोन वर्षं डोक्यात होतं.

गावाबाहेर मैलभर फिरवून आणली आणि उताराला लागलो. ब्रेक कचकचून दाबला, तरी मोटार थांबेना. मोटार नाला ओलांडून बाभळीवर आदळली. पुढचा आस वाकला, इंजिन तडकलं, माझी हनुवटी फुटली. रक्त पुसत मी चाक खोललं. ब्रेकच्या पट्ट्यांवरून काळं तेल ठिबकत होतं. वास घेतला. काजळी घातलेलं एरंडीचं तेल, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाचं वंगण. ते आमच्या घरात एकाच बांबूच्या नळकांड्यात असायचं, आणि ते नळकांडं भाऊ कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मी तसाच रक्ताळलेला पारावर गेलो. दहा माणसांत त्याला म्हणालो, "तू माह्या जीवावर उठला."

त्यानं माझ्या हनुवटीकडे बघितलं. "तेल म्याच टाकलं," म्हणाला, आणि उठून शेताकडे गेला.

दिवाळीआधी वाटण्या झाल्या. अंगणात कमरेएवढी भिंत आली. मोटार भंगारात गेली. भावानं मला मारायला बघितलं हे मी वर्षभर भेटेल त्याला हनुवटी दाखवून सांगितलं, आणि खरं बोलायचं तर ते सांगताना मला बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या बाजूला बाजेवर बसलो होतो. भिंतीपलीकडे भाऊ बैलांचे खांदे शेकत होता. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून, पळसाच्या पानानं शेकून तो त्यांना म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग बंडीकडे वळला. नळकांडं उपडं करून चाकाच्या तुंब्यात, आस बसतो त्या मधल्या भोकात, तेल ओतलं, खाली ठिबकेपर्यंत. एका चाकाला, मग दुसऱ्या. शेवटी बोटांना राहिलेली हळद त्यानं बंडीच्या जुवाला पुसली.

मडगार्डांवरचे ते दोन पिवळे डाग. पुढच्या चाकांच्या बरोबर वर, जनावराचे खांदे असतात तिथे.

मी भिंतीला वळसा घालून गेलो. वर्षात पहिल्यांदा.

"मांगच्या पोयाले मोटारीचे खांदे तूच शेकले होते काय?"

तो नळकांडं पुसत राहिला. "गोठ्यात होती. तिले सोडून बाकीच्याईचे शेकावे काय?"

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं कुठं?" तो म्हणाला. "तू सांगून मोकया झाला."

एवढं बोलून तो बैलांना चारा टाकायला आत गेला. मी थोडा वेळ थांबलो. तो बाहेर आला नाही.

हनुवटीची खूण कशाची असं आता कुणी विचारलं तर मी सायकलवरून पडलो म्हणतो. भावानं मला मारायला बघितलं नव्हतं, हे मात्र मी त्या पारावर जाऊन कधीच सांगितलं नाही.