उताणं पडून वाचलेला तिसरा भाग

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जवळ बोलावलं. "हा मणका बघा. झिजलाय. पॉट्स स्पाइन म्हणतात याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे पाठीच्या मणक्याला झालेला टीबी. औषध आहे. पण झोपून राहावं लागेल, बरेच महिने."

मी तेव्हा नववीत होते. दुष्काळाची वर्षं होती. आमच्या ईट गावात विहिरींनी तळ गाठलेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दादा गावातल्या दूध संस्थेत होते. माझी पाठ आधी नुसती दुखायची. घागरी वाहून दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग रोज संध्याकाळी कसकस यायला लागली, आणि एके दिवशी शाळेच्या पायरीवर पाय उचलेनाच.

उस्मानाबादच्या दवाखान्यात मला छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर घातलं. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, म्हणजे टीबीचे जंतू मारणारं औषध, आणि सोबत मूठभर गोळ्या. उताणं पडायचं आणि छत बघायचं. आईला धाकट्या भावंडांना टाकून येता येईना, म्हणून माझ्याजवळ आत्या राहिली. दादांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली.

भेटायला आलेले काही नातेवाईक दारातूनच परतले. डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, "हा टीबी हाडात आहे. जवळ बसल्यानं लागत नाही." त्या दिवसापासून आत्या सगळ्यांदेखत माझ्या ताटातलं उरलेलं खायची.

शाळेत असताना मी एका भीतीच्या, जादूच्या गोष्टीचे दोन भाग वाचले होते. चांदणी नावाची माझ्याच वयाची मुलगी, कोरड्या बारवेखालचं मुक्यांचं नगर आणि मुलांचे आवाज पळवणारी एक सावली. दुसऱ्या भागाच्या शेवटी चांदणी धाकट्या भावाला सोडवायला बारवेत उतरते आणि वरचं तोंड बंद होतं. तिसरा भाग शाळेत आलाच नव्हता. दादांनी तो वाचनालयातून मिळवून आणला.

पडल्यापडल्या पुस्तक वर धरलं की खांदे लगेच भरून यायचे. मग आत्या उशाशी उभी राहून ते माझ्या तोंडावर धरायची आणि मी मोठ्यानं वाचायची. तिला अक्षरओळख नव्हती. पहिल्या दिवशी तिनं ते उलटंच धरलं. शेजारच्या खाटेवर सोनारी गावच्या काशीबाई होत्या, पाय मोडलेल्या. त्याही कान देऊन ऐकायच्या. सावली आली की आत्या पदर तोंडाला लावायची. भुतांवर तिचा पक्का विश्वास. दवाखान्यात असलं वाचू नये, असं ती रोज म्हणायची आणि जेवणं उरकली की स्वतःच पुस्तक काढायची.

त्याच दिवसांत माझ्या डाव्या पायाची बोटं हलेनाशी झाली. डॉक्टर तळव्यावरून किल्ली ओढून बघायचे. पॅराप्लेजिया हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला. कमरेखालचं अंग लुळं पडणं, असा त्याचा अर्थ मला पुढं कळला, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हाच समजलं होतं. विचारलं की दादा म्हणायचे, होशील बरी.

मी मनाशी ठरवलं, चांदणी बारवेतून बाहेर आली तर मी चालेन. आणि ठरवल्यावर पुढं वाचायची छाती होईना. शेवटचं प्रकरण उरलं होतं. डोळे दुखतात, असं मी सांगितलं.

आत्यानं थोडी वाट पाहिली. मग सिस्टरांना गाठून व्हरांड्यात ते प्रकरण वाचून घेतलं. परत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"बाहीर येती ती," आत्या म्हणाली. "भावाला घिऊन येती."

मी पुस्तकासाठी हात पुढं केला.

"पर तिचा आवाज तिथंच ऱ्हातो. पुन्यांदा बोलत न्हाय ती. लई रडले म्या. तुला खोटं सांगनार हुते, पर तू वाचशीलच की."

"आत्या, माझं काय होणार?"

तिला माहीत नव्हतं, आणि तिनं तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली. पोरीला समदं कळतंय, तिला सांगा, म्हणाली.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "औषध लागू पडतंय. पायात ताकद येईल असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. पाठीला बाक मात्र कायमचा राहील. मणका बसला तो बसला."

मी खूप रडले. मग जेवले. त्या दुपारी आम्ही शेवटचं प्रकरण वाचलं. भाऊ हाका मारतो, चांदणीला ओ देता येत नाही, म्हणून ती त्याचा हात धरून चालायला लागते. आत्याला सगळं ठाऊक होतं, तरी तिनं पदर तोंडाला लावला. काशीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

बोटं हळूहळू हलली. पुढं प्लास्टर निघालं आणि मी आत्याच्या खांद्याला धरून उभी राहिले. पाठीला बाक आहे, आजही. ब्लाउज शिवायला टाकताना सांगावं लागतं.

तुमच्या घरात हा आजार आला तर बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका. डॉक्टर बास म्हणेपर्यंत घ्या. आणि आजारी माणसाला, मग ते पोर का असेना, खरं सांगा. अर्धवट ऐकलेल्या शब्दांनी मला जेवढं घाबरवलं, तेवढं डॉक्टरांच्या खऱ्या उत्तरानं घाबरवलं नाही.

आत्या आता नाही. तिची आठवण येते ती घरी परततानाच्या एसटीतली. तिनं मला खिडकीशी बसवलं आणि विचारलं, "चवथा भाग न्हाय व्हय?"

नाही, गोष्ट संपली, मी म्हटलं.

"मंग त्या पोरीचं पुढं काय?"

मला जे सुचेल ते मी सांगत गेले. चांदणी पुन्हा शाळेत जाते. पाटीवर लिहून बोलते. दर थांब्याला आत्या "आन् मंग?" म्हणत होती. ईट जवळ आलं तेव्हा चांदणी मास्तरीण झाली होती. आता तिचं लगीन लाव, असं आत्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, थांब जरा, तिला अजून खूप फिरायचंय.