खालचा

खालच्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्याबरोबर तो जमिनीवर आडवा होऊन कंबर सरळ करायचा. मग प्रार्थना, मग चहा. सहाच्या ठोक्याला गोदामाच्या दारात.

आम्ही घरसामान हलवणारे. एकाचं घर टेम्पोत भरायचं आणि दुसऱ्या जिन्याने वर चढवायचं. मी त्याचा जोडीदार. जिन्यावरून कपाट उतरवताना एक माणूस वर असतो, एक खाली. वरच्याने तोल सांभाळायचा. वजन येतं खालच्यावर, म्हणून हुकूमही त्याचाच. तो "थांब" म्हणाला की थांबायचं, "घे" म्हणाला की उचलायचं. जिन्यात मालकालाही तोंड उघडायची मुभा नसते. खालच्याला उलटं उतरावं लागतं. पाठ रस्त्याकडे, डोळे वजनाकडे. हे काम तो इतकं चोख करायचा की गोदामात त्याला सगळे खालचाच म्हणायचे. मी वरचा. त्यात कमीपणा काही नाही, पण फरक आहे.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलं, परदेशात मुलांचं उन्हाळी शिबिर आहे, मोठ्या माणसांची लीडर म्हणून गरज आहे. पगार नाही, तिकीट ज्याचं त्याने काढायचं. खालच्याने हात वर केला. पाळकसाहेबांनी त्याच्या मागच्या बाकाकडे पाहिलं, तिथे कोणी हात वर केलाय का म्हणून.

घरी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चौकशी केली.

"पगार?"

"नाही."

"तिकीट?"

"आपलं."

"म्हणजे राबायचंही आपण आणि पैसेही आपणच भरायचे. असं काम शोधून काढायलासुद्धा अक्कल लागते हो!"

मेहुणा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "दाजी, तेवढ्यात जुना टेम्पो येतो. एक आहे माझ्या नजरेत. स्वतःचे मालक व्हाल."

"मला लीडर व्हायचंय."

"तुम्हाला कोण लीडर करतंय? तिकडे शिकलेली, गिटार वाजवणारी पोरं असतात."

"वाजवू देत. आयुष्यभर मी वस्तू नेल्या. एकदा मला माणसं न्यायचीत."

तिथे बोलणं संपलं. त्याने जादा कामं घेतली, रविवार दुपारचीसुद्धा, आणि तिकिटाचे पैसे उभे केले. मालक म्हणाला, "गेलास तर जागा राहील असं समजू नकोस." खालचा म्हणाला, "समजत नाही."

जाण्याआधी शिबिराच्या प्रमुखबाई फोनवर त्याच्याशी बोलल्या. त्याला तिकडची भाषा तोडकीमोडकी यायची, म्हणून पाळकसाहेब शेजारी बसून दोन्हीकडचं भाषांतर करून सांगत होते. बाईंनी विचारलं, "कामावर तुमचं स्थान काय?" त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "मी खालचा." पाळकसाहेबांनी जन्मात कधी कपाट उचललेलं नाही. त्यांनी शब्दाला शब्द ठेवला.

पुढचं सगळं त्याने मला जसं सांगितलं तसं सांगतो. वाढवून सांगायची त्याला सवय नव्हती.

शिबिर तळ्याकाठी होतं. लाकडी खोल्या, मधे मोठं सभागृह. लीडरांना पिवळे शर्ट मिळाले. ह्याच्या हातात राखाडी शर्ट आणि भांडाराची किल्ली ठेवली. गाडीतून बाकं उतरवायची होती.

"मी लीडर म्हणून आलोय," तो म्हणाला.

प्रमुखबाई नीट बोलल्या. "तुम्हीच सांगितलंत ना, तुम्ही खालचे आहात, दुसऱ्यांच्या हाताखाली काम करणारे? मुलं सांभाळण्याचा ताण नको म्हणून तुम्हाला ओळखीचं काम दिलं."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, शब्द चुकला, मला तसं म्हणायचं नव्हतं. हा म्हणाला, "खालचाच आहे मी. म्हणूनच लीडर."

बाईंना काही कळलं नाही. हा राखाडी शर्ट घडीसकट पायरीवर ठेवून शेजारी बसला. गाडी समोर उभी. इतर लोक बाकं उतरवायला लागले, तीही चुकीची धरून, कंबरेतून वाकून. हा उठला नाही. भरलेली गाडी समोर असताना हात मांडीवर ठेवून तो जन्मात पहिल्यांदा बसला होता.

"फार जड गेलं," तो मला म्हणाला. "बाकांपेक्षा जड."

दुपारी बाई पुन्हा आल्या. "एक तर काम करा, नाहीतर सकाळी परतीची गाडी आहे."

"आज संध्याकाळची गोष्ट मला सांगू द्या. जमली नाही तर जातो."

बाईंनी हो म्हटलं. का म्हटलं, ते त्यालाही कळलं नाही.

संध्याकाळी मुलं सभागृहात जमली. गोष्ट त्यांना पाठ होती. एका आजारी माणसाला त्याचे चार मित्र खाटेवर घालून आणतात, घर गर्दीने भरलेलं असतं, म्हणून छप्पर उघडून ते त्याला वरून खाली सोडतात, येशूपुढे. पहिल्याच वाक्याला मुलांनी जांभया दिल्या. खालच्याची भाषाही तिथेच अडली. मग त्याने तोंड बंद केलं, एक खाट उचलली आणि सभागृहाच्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवली.

"आजारी कोण होतंय?"

कोणी पुढे येईना.

"बाई, तुम्ही या."

बाई उठल्या, जिना चढल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या. हे त्यांचं मला आवडलं.

चार दांडगी मुलं त्याने वरच्या बाजूला लावली. स्वतः खाली, पाठ उताराकडे. परकी भाषा त्या वेळी कुठल्या कुठे गेली. त्याने आपल्याच भाषेत हुकूम सोडला, "घे!" मुलांना शब्द कळला नाही, पण खाट उठली. "थांब!" थांबली. तिसऱ्या पायरीवर एकाने घाई केली, खाट कलली आणि बाईंची चप्पल उडून पहिल्या रांगेत पडली. सगळे हसले. पण खाट पडली नाही. तिचं वजन खालच्याच्या छातीवर आलं होतं. "घे!" आता हे सगळं सभागृह ओरडलं. खाट अलगद जमिनीला टेकली.

त्याला धाप लागली होती. त्याने मोडक्या भाषेत विचारलं, "वर मित्र होते. खाली कोण होतं?"

एक मुलगी म्हणाली, "येशू."

"तोच खालचा," तो म्हणाला. "वजन ज्याच्यावर येतं तो."

जांभया थांबल्या होत्या. बाई एका पायाने उभ्या राहून चप्पल शोधत होत्या. तो जवळ जाऊन म्हणाला, "सकाळची गाडी किती वाजता?"

त्या म्हणाल्या, "पिवळा शर्ट कोणत्या मापाचा लागतो ते सांगा."

त्याला एक तुकडी मिळाली. टेकडी चढताना इतर लीडर झेंडा घेऊन पुढे, हा सगळ्यांच्या मागे. उतरताना मात्र सगळ्यांच्या पुढे, आणि तोंड मुलांकडे. एकदा तसाच घसरून चिखलात बसला. बाई म्हणाल्या, "रस्त्याकडे बघून चाला हो." तो म्हणाला, "न्यायचं ज्यांना आहे, त्यांच्याकडे बघतो." पँट धुतली आणि पुन्हा तसाच उलटा उतरला.

परत आला तेव्हा मालकाने त्याला कपबशा कागदात गुंडाळायला बसवलं. त्याच्या जागी नवा, खांदे रुंद आणि डोकं हलकं. मी त्या नव्याबरोबर एक कपाट उतरवलं. खाली पोचल्यावर मालकाला सांगितलं, दुसरं उतरवणार नाही. मालक म्हणाला, "तुम्ही दोघं मला शहाणपण शिकवता?" मी म्हटलं, "नाही, जिना उतरायला शिकवतो." दोन दिवस आम्ही दोघं कपबशा गुंडाळत बसलो. तिसऱ्या दिवशी पियानोचं काम आलं आणि मालक स्वतः बोलवायला आला.

पुढच्या वर्षी शिबिराने कळवलं, तिकीट आम्ही पाठवतो. त्याने नको म्हणून सांगितलं. मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "त्यांच्या पैशाने गेलो तर पाहुणा. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही."

वर्षभर त्याने पियानो उतरवले, तिजोऱ्या चढवल्या, लोक नको म्हणतात ती अरुंद जिन्याची कामं मागून घेतली. मीही घेतली, जोडीला माणूस हवा म्हणून. मेहुण्याच्या नजरेतला टेम्पो दुसऱ्या कोणीतरी नेला. उन्हाळा लागला तसा खालच्याने पगार मोजला आणि तिकिटं काढली, दोन. एक स्वतःचं आणि एक वहिनींचं. मुलींच्या तुकडीला लीडर कमी पडत होती.