तिनं त्यालाच का सांगावं

माझ्या बायकोनं दुसऱ्या कोणापाशी मन मोकळं करावं हे मला सोसवत नसे, असं लिहिलं तर वाचणारा भलताच अर्थ काढील. म्हणून आधीच सांगून टाकतो. ज्याचा मी हेवा केला तो प्रभू येशू. मी जन्माचा ख्रिस्ती. माझे वडील नगरकडच्या खेड्यांतून उपदेश करत हिंडले. अशा घरातल्या माणसानं ही गोष्ट बोलायची कोणाजवळ? बोललो नाही. आता पन्नाशी आली, आणि गप्प राहण्याचाही कंटाळा येतो.

महाडला मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखान्याच्या मागच्या खोल्यांत आमचं बिऱ्हाड. गावात चर्च नव्हतं, पाळकसाहेब वर्षाकाठी कधीतरी यायचे. एरवी रविवारी सकाळी आमच्याच घरी उपासना. आम्ही नवरा-बायको, आमची मुलगी, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि वरंधच्या घाटरस्त्यावर काम करणारा एक मिस्त्री. तो ढोलकी वाजवी. मी पुढं बसून सगळं चालवायचो. भजनं झाली की प्रत्येकानं आपली प्रार्थना मोठ्यानं, आपल्याच शब्दांत करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरलेली म्हणायची, असा आमचा रिवाज. शेजारची भाजीवाली मावशी दाराशी उभी राहून ऐकायची. "कंपाउंडर," ती म्हणायची, "तुमचा येकटा देव तुमचं समद्यांचं कसा ऐकतो वो? आमचे येवढे हायत, तरी येकाला फुरसत नाय."

सावित्रीला पूर यायचा तो जवळजवळ दर पावसाळ्यात. खाडीची भरती महाडापर्यंत पोचते. त्यामुळे पुराचं पाणी भरतीला चढतं आणि ओहोटीला उतरतं, हे बाजारपेठेतलं शेंबडं पोरही सांगे. लोक घाबरत नसत. धान्य माळ्यावर टाकायचं, पायरीवर बसून पाणी बघायचं आणि ओहोटीची वाट पाहायची. मी दुष्काळी मुलखातला माणूस. पहिल्या पुराला माझी बोबडी वळली होती, आणि त्यावरून मावशीनं माझी यथेच्छ टिंगल केली होती.

त्या वर्षी पाणी पायऱ्यांना लागलं तेव्हा मावशी आपली पोरं घेऊन टेकाडावरच्या नातलगांकडे निघाली होती. आमच्या दाराशी थांबून बायकोला म्हणाली, "दे गो बाय तुझी पोर. आमच्यासंगती येईल. मला आज पाण्याचा रंग बरा दिसत नाय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भरतीचं पाणी आहे मावशी. ओहोटी लागली की उतरेल."

"आता पक्के महाडकर झाले गो तुझे कंपाउंडर!" मावशी हसली आणि गेली. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर फार आवडलं.

ओहोटी लागली, पाणी उतरलं नाही. ते खाडीचं नव्हतंच, पोलादपूरकडचे डोंगर धुऊन आलेलं होतं. मी पुढं दवाखान्यात औषधांच्या बाटल्या वरच्या फळीवर चढवत होतो, बायको माळ्यावर तांदूळ टाकत होती. मुलगी मागच्या खोलीत बाजेवर बसली होती. मागची मातीची भिंत खाली बसली. एवढंच. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

पाणी ओसरल्यावर मुलगी खाली नदीकाठच्या झुडपांत सापडली. आमचं दफनस्थान नव्हतं. मावशीच्या नवऱ्यानं आपल्या शेताच्या बांधाकडची जागा दिली. एरवी मी वाचायचो ते पवित्र शास्त्र त्या दिवशी नर्सबाईंनी वाचलं.

त्यानंतर बायकोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. ताट वाढी, कपडे धुई, विचारलं तेवढ्याला उत्तर देई. तिच्या पोटात काय आहे ते कळेना. तिनं तोंडावर बोलावं म्हणून मी वाट पाहत राहिलो, आणि बोलेल म्हणून भीतही राहिलो.

प्रभूशी मात्र ती बोले. दुपारी पुढं पेशंट नसले की मी चपला काढून हळूच मागं यायचो आणि मधल्या कुडाच्या भिंतीला कान लावायचो. ती चुलीपुढं बसून, तांदूळ निवडता निवडता, शेजारणीशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची. रडायची. मग निवांत व्हायची, उठून तोंड धुवायची. तिचं दुःख तिथं जाऊन हलकं होत होतं हे मला दिसत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांना हेच तर सांगितलं होतं.

एका दुपारी ती हसली.

आमच्या मुलीला खोकल्याचं गोड औषध फार आवडे. रोज माझ्यापुढं येऊन खोटं खोटं खोकायची, आणि मी साखरेच्या पाण्यात थोडा लाल रंग टाकून तिला द्यायचो. मला वाटे, मी तिला फसवतोय. त्या दुपारी बायको त्याला सांगत होती, "ती मला काय म्हणायची ठाऊक आहे? बाबा नुसतं पाणीच देतात गं आई. पण मी त्यांना कळू देत नाही, त्यांना वाईट वाटेल." आणि ती हसली.

माझ्या मुलीची एवढी गोष्ट! ती माझी होती. ती त्याला मिळाली आणि मी कुडाबाहेर चोरासारखा उभा. अंगाची आग झाली. माझ्या हातून मुलगी गेली ती गेली, आता तिची आठवणही ह्यानंच घ्यायची?

पुढच्या रविवारी भजनं झाल्यावर मी जाहीर केलं, "आजपासून ज्याची त्याची प्रार्थना नको. घरचं रडगाणं चारचौघांत बरं दिसत नाही. सगळे मिळून ठरलेली म्हणू." नर्सबाई चमकल्या. मिस्त्री ढोलकीच्या दोऱ्या ओढत खाली बघत राहिला. घरातही मी बायकोला म्हणालो, "भिंतीशी काय बडबडतेस? लोकांना वाटेल डोक्यावर परिणाम झाला."

तिनं बोलणं बंद केलं. पुरतंच बंद. दुपारी मी मागं आलो की नुसता सुपाचा आवाज. मग तोही थांबला. आणि एक दिवस, मी पहिला घास घेतला तेव्हा, ती समोर उभी राहून म्हणाली, "ओहोटीची वाट तुम्ही पाहिलीत. मावशी हात पुढं करून उभी होती."

मी ताट बाजूला सारलं.

"मला हे रोज वाटायचं," ती म्हणाली, "उठल्यापासून निजेपर्यंत. मी त्याला सांगायची. म्हणायची, ह्यांना क्षमा करायला शिकव मला. शिकवत होता तो. थोडं थोडं येत होतं. तुम्ही शाळाच बंद केलीत. आता हे ठेवू कुठं मी?"

इतके दिवस जे ऐकायला मी कुडाला कान लावत होतो, ते हे. ऐकल्यावर काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

रविवारी मंडळी जमली. भजन झालं. ठरलेली प्रार्थना सुरू करायची वेळ आली आणि मी थांबलो. मग सगळ्यांदेखत, माझ्या शब्दांत, पुरानंतर पहिल्यांदाच, म्हणालो, "मावशीनं पोर मागितली होती. मी दिली नाही. ती मला महाडकर म्हणाली तसा मी फुगलो." आमेनसुद्धा म्हणता आलं नाही. दाराशी मावशी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

बायकोनं डोळे मिटले. मग चुलीपुढं बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना ह्यांचं? माझ्याच्यानं अजून क्षमा होत नाही. होईपर्यंत तू कर."

मी बसल्या जागी रडलो. छातीवरचं काहीतरी उतरलं हे खरं. आणि तेवढ्यातही वाटून गेलं, की हे तिनं त्यालाच का सांगावं, मी तर इतका जवळ बसलो होतो.