मागच्या पायरीवरचा माणूस

एन्सिया मास्तरांना खोटं बोलता येत नाही, आणि हा काही गुण नव्हे, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. कुमासी शहरातल्या मॅगझिन नावाच्या वस्तीत, जिथे मैलोन्‌मैल नुसत्या गाड्या दुरुस्त होतात, तिथे असला माणूस एक तर उपाशी राहतो नाही तर प्रसिद्ध होतो. मास्तरांचं दोन्ही थोडं थोडं झालं. एकतीस वर्षं ते ट्रकचं वायरिंग करतात आणि एकतीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या खोपट्यात जुने सुटे भाग विकते.

त्यांची एक खोड आहे. गाडीत जो दोष सापडेल तो ते खडूने तिच्या दारावर लिहितात. मीटर सांगेल तेवढंच, पदरचा एक शब्द नाही. दोष गेल्याची खात्री पटली की स्वतःच्या हाताने पुसतात. दुसऱ्या कुणी पुसलेलं त्यांना खपत नाही. एका पाद्रीबुवांच्या गाडीवर ‘दिवे आहेत, उजेड नाही’ असं लिहिलं होतं आणि बुवा ती तशीच रविवारी चर्चच्या दारात लावून आले. तेव्हापासून ते मास्तरांना ओळख दाखवत नाहीत.

तर सेरवा मावशींचा ट्रक. मावशी एजुराहून यामचे कंद आणून बाजारात घालतात. ट्रक यजमानांचा, अम्पोफोंचा. ते गेल्या वर्षी गेले. आमच्यात मामाची चीजवस्तू भाच्याकडे जाते, बायकोच्या वाट्याला रडणं. कायदा वेगळं सांगतो, पण कायदा काही मयताला येऊन बसत नाही. शेवटी घराण्याच्या बैठकीत ठरलं : वर्षाच्या दिवसापर्यंत मावशींनी ट्रक चालता ठेवला तर तो त्यांचा, त्याआधी कायमचा बंद पडला तर भाचा, बाफूर, घेऊन जाणार. वर्षाला नऊ दिवस उरले असताना ट्रक दोराने ओढत मास्तरांकडे आला. पुढे भिंत, दोन्ही बाजूंना गटार, अशा बोळात तो नाक खुपसून उभा राहिला.

“मास्तर, काहीतरी करा हो,” मावशी म्हणाल्या.

“मी आधी काही करत नसतो. आधी बघतो,” मास्तर म्हणाले.

आणि दोन दिवस बघत बसले. बॅटरी ठणठणीत. इंजिनाच्या मेंदूपर्यंत, म्हणजे त्या हातभर ॲल्युमिनियमच्या पेटीपर्यंत, चोवीस व्होल्ट पोचत होते. अर्थिंग चोख. लॅपटॉप जोडून हाका मारल्या, पेटी ओ देईना. पेटीने सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवायचे असतात, तिथे शून्य. एखादा बिघडलेला सेन्सरही ते पाच व्होल्ट गिळून बसतो, म्हणून मास्तरांनी एकेक सेन्सर सोडवून पाहिला. तरी शून्यच.

“आफिया, हिला जेवण मिळतंय,” ते मला म्हणाले, “पण ही पुढे कुणाला काही वाढत नाही.”

झाकण उघडलं तर आत पाणी शिरून सगळं हिरवं पडलेलं. मास्तरांनी उठून दारावर लिहिलं : ‘मेंदू गेला.’

मेंदू माझ्याकडे होता. परदेशातून आलेल्या भंगारातला, चावी आणि कुलुपासकट, नंबरही जुळणारा.

“हा कसल्या गाडीचा?” मास्तरांनी विचारलं.

“ट्रकचा.”

“कसल्या ट्रकचा?”

“मास्तर, मला काय त्याची सोयरीक जुळवायची आहे?”

हे मी बोलले, कबूल करते. जुना मेंदू मुकाच झाल्यामुळे त्याच्यातली माहिती नव्यात भरता येत नव्हती. नवा जे शिकून आला होता त्याच्यावरच भागवायचं होतं. माझ्या ढिगातून तो हुडकून बसवेपर्यंत वर्षाला दोनच दिवस उरले. पहिल्याच चावीला इंजिन गरजलं. मावशींनी ट्रकच्या नाकावर हात फिरवला आणि मग मलाच मिठी मारली. मास्तरांनी ट्रक मागे घ्यायला गिअर टाकला आणि इंजिन बंद. पुन्हा चावी, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. पुढे जाऊन उपयोग नव्हता, पुढे भिंत.

मास्तरांनी लॅपटॉप जोडला. पडद्यावर होतं : मागच्या पायरीवर माणूस उभा आहे. मागे जाण्यास मनाई.

मी मागे जाऊन पाहिलं. आमच्या ट्रकला मागे पायरीच नाही. आहे तो एक वाकलेला बंपर. माल भरताना अम्पोफो त्याच्यावर उभे राहून ओरडायचे ते मला आठवलं आणि मी उगीचच दोन पावलं मागे सरले.

मास्तरांना तासाभरात उमगलं. मेंदू कचऱ्याच्या गाडीचा होता. तिकडे कचरा उचलणारा माणूस मागच्या पायरीवर उभा राहतो. तो चिरडू नये म्हणून तो खाली उतरेपर्यंत गाडी मागे जात नाही. पायरीखाली एक बटण असतं. त्याची वायर तुटली तर मेंदू सावधगिरी म्हणून माणूस आहे असंच धरून चालतो. आमच्याकडे पायरी नाही, बटण नाही, वायर नाही. म्हणजे माणूस कायमचाच उभा!

“एक वायर जोडली की झालं,” मास्तर म्हणाले. “कुठली ते शोधतो.” पण शिस्त म्हणजे शिस्त. आधी खडू घेतला आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘मागे माणूस आहे.’

वायर सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि मास्तर ती जोडायला वाकले तेवढ्यात बाफूर आला, वर्षाच्या आदल्या दिवशी, हिशेबाने. बरोबर घराण्याचे वडीलधारे नाना.

“सुरू होतो, पण हलत नाही ना?” बाफूर म्हणाला. “म्हणजे बंदच. चावी द्या, मामी.” मग त्याने दार वाचलं. “हे काय? कोण माणूस?”

“मशीन म्हणतंय,” मास्तर म्हणाले. “मला कुणी दिसत नाही.”

“तुला कसा दिसेल? तू घराण्यातला थोडाच आहेस?” नाना म्हणाले.

मास्तरांनी मग खरं ते सगळं सांगितलं. बटण, वायर, कचऱ्याची गाडी. मी डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होते, पण ते थांबतात कसले!

“कचरा?” बाफूर भडकला. “माझ्या मामाला कचरा म्हणतोस?”

“मामाला नाही, मेंदूला—”

“मामाच्या मेंदूला?”

त्याने स्वतः चढून चावी फिरवली. गिअर टाकला, इंजिन बंद. लॅपटॉपवर स्वतः वाचलं. चार वेळा वाचलं. मग खाली उतरून दारूची बाटली मागवली, ट्रकमागे चपला काढून उभा राहिला आणि आमच्यात पितरांना सोडतात तशी जमिनीवर धार सोडत बंपरला विनवू लागला, “मामा, उतरा. मी बाफूर. ऐका ना, घरी जायचंय.” पुन्हा चढला. इंजिन बंद. अर्धी बाटली संपली, मामा उतरेनात. सगळी गल्ली तोंड वासून बघत होती.

“दोर बांधून ओढतो,” बाफूर घाम पुसत म्हणाला.

“मामा वर उभा असताना?” नाना कडाडले. “फरफटत नेणार त्याला बाजारातून? अरे, गाडी बंद असती तर बोलली असती का? चालू आहे ती. तोच सोडत नाहीये.” त्यांनी उरलेली बाटली काखेत मारली. “ट्रक सेरवाचा. उद्या बैठकीत मी सांगेन. चल.”

बाफूर निघाला तो पायाला पाय लावूनच. बंपरच्या बाजूने मात्र गेला नाही, गटारातून गेला.

मी हसून हसून खाली बसले. मावशी हसल्या नाहीत. मास्तर तर कोर्टातून आल्यासारखे पडेल चेहऱ्याने उभे होते.

“मी खरं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “सेरवा, हे फसवणं झालं का?”

“तुम्ही सांगितलंत. त्यांनी ऐकलं नाही,” मावशी म्हणाल्या. “जोडा वायर. उद्या सगळं आटोपलं की एजुराला जायचंय मला.”

मास्तर वाकले. वायरची दोन टोकं त्यांच्या चिमटीत होती.

“थांबा,” मावशी म्हणाल्या. त्या ट्रकच्या मागे गेल्या. काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, फक्त शेवटचं ऐकू आलं : “बरं केलंत आलात ते. आता उतरा. दमला असाल.”

त्या पदराने, म्हणजे खांद्यावरच्या कापडाने, तोंड पुसत परत आल्या. मास्तर अजून वाकलेलेच होते. एकतीस वर्षांत मीटरखेरीज कुणाचा शब्द न मानलेला माणूस.

“उतरले?” त्यांनी विचारलं.

“उतरले.”

तेव्हा मास्तरांनी वायर जोडली. गिअर टाकला, ट्रक सरळ मागे आला. मग ते खाली उतरले आणि दारावरचा खडू हाताने पुसून टाकला.