दादाची अर्थिंगची तार

त्या दिवशी सकाळी दादानं ओव्हनचा प्लग काढला, वायर गुंडाळली आणि तिला सुतळीच्या गाठी मारून ठेवल्या. म्हणजे वहिनीला सोडायला वेळ लागावा. वहिनी तिथंच केकचं पीठ फेटत होती, संध्याकाळची ऑर्डर होती. ती म्हणाली, अहो आजचा दिवस तरी राहू द्या. ह्यानं आणखी एक गाठ मारली. चपला घातल्या, खाली गेला, परत वर आला, गॅस बंद आहे का बघितला, परत खाली गेला.

माझा दादा असाच. पायाला भिंगरी. जन्मभर कापडाच्या दुकानात मापं घेतली, पण गिऱ्हाईक गेल्यावरसुद्धा हा तुकडा परत मोजायचा. माझा नवरा गेला तेव्हा मला न्यायला आला, माझी ट्रंक रिक्षात ठेवली, कुलूप ओढून बघितलं, आणि सगळा रस्ताभर ओढून बघत होता. मी म्हटलं दादा, आत साड्याच आहेत रे. तर म्हणतो, असू दे, तुझ्या आहेत ना.

ओव्हनचं असं झालं. आमचं घर जुनं, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीतल्या सॉकेटला भोकं तीन, पण वरच्या भोकामागं तारच नाही, नुसतं दिसायला. ओव्हन चालू असला की दाराला हात लावल्यावर मुंग्या यायच्या. एक वायरमन आला, त्यानं सॉकेटच्या आतच वरचं भोक खालच्या दोनांतल्या एकाला, करंट परत जातो त्याला, तारेच्या तुकड्यानं जोडून दिलं. मुंग्या थांबल्या, वहिनी खूश. तिचे केक दोन दुकानांत जायला लागले होते, तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही उभं केलं होतं.

मग दुकानात आलेल्या दुसऱ्या एका वायरमननं दादाला सांगितलं, हे चुकीचं आहे, मागं कुठं ती परतीची तार तुटली तर अख्खा ओव्हन करंट मारेल. झालं. दादाची झोप गेली. बायको उभी राहते तिथं, म्हणायचा, आणि मी माप न घेता कापड फाडू?

उपाय सोपा होता. अंगणात सळई पुरायची, तिथून अर्थिंगची हिरवी तार भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात आणायची. पण भिंत तळमजल्याच्या काकांच्या खिडकीजवळची, खाली त्यांच्या कुंड्या. काका म्हणाले तुमचा करंट माझ्या भिंतीवरून जमिनीत सोडणार, माझी झाडं मरतील, मी मरेन. दादा समजावून थकला की बाबा, रोज करंट नसतो जात त्यातून, काही बिघडलं तरच. काका मान हलवायचे आणि म्हणायचे, बघू.

त्या दिवशीही बघूच म्हणाले. दादा जिना चढून आला, घामानं भिजलेला, स्टुलावर बसला. तारेचं वेटोळं मांडीवर होतं. वहिनी पाणी आणायला वळली आणि तो घसरला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं.

पण बिल्डिंगमध्ये झालं भलतंच. मांडीवर तार होती म्हणून सगळे म्हणायला लागले, करंट लागला. बसायला येणारा प्रत्येक जण ओव्हनकडं बघून बसायचा. वहिनी सांगून दमली की प्लग काढलेला होता.

मग काका आले. चेहरा पडलेला. दारातच म्हणाले, वहिनी, मी हो म्हटलं असतं तर आज हे झालं नसतं. घ्या तार कुठूनही.

मी वहिनीचा हात दाबला. म्हटलं मनात, गप्प बस बाई, मिळतंय ते घे. इतके दिवस त्यांनी माझ्या भावाला जिने चढायला लावले, राहू दे त्यांच्या जिवाला थोडी टोचणी.

वहिनी म्हणाली, "काका, ते करंटनं नाही गेले. हृदयानं गेले. तुमच्यामुळं नाही." आणि लगेच पुढं म्हणाली, "पण तार मला हवीच आहे. आता सांगा, हो की नाही."

काका जायला वळले. मला वाटलं, गेलं हातातलं. मग त्यांनी विचारलं, सळई किती खोल जाते. वहिनीला माहीत नव्हतं, मला तर त्याहून नाही. काका म्हणाले, वायरमनला सांगा माझ्या मोगऱ्याच्या मुळापासून लांब ठोकायला.

वायरमन आला. सळई ठोकली, तार वर आणली, आतला तो तुकडा काढून टाकला. मग एक बल्ब घेतला, त्याची एक तार खालच्या, करंट येतो त्या भोकात आणि एक त्या वरच्या भोकात घातली. बल्ब लख्ख पेटला. म्हणाला, अर्थिंग आलं ताई.

वहिनी बघत राहिली. वायरमन बल्ब धरून उभा, तिला बघू देत होता. मला उगाच जिन्याकडं बघावंसं वाटलं.

"काढा आता," वहिनी म्हणाली, "भर दिवसा जळतोय." आणि ओव्हनच्या वायरीच्या गाठी नखानं सोडायला बसली. फार घट्ट मारल्या होत्या. मी कात्री आणली, तर नको म्हणाली.