ओडेलची शेगडी आणि आर्डिथचं नाक

ओडेल प्रुइटला वास येत नसे. चाळिशीत एक ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. तेव्हा तो आमच्या जॉर्जियातल्या गालिचा गिरणीत होता, अस्तर चिकटवायच्या यंत्रावर. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

तरी चर्चच्या वार्षिक मेळाव्याला डुकराचं मांस भाजावं ते त्यानेच. परसात त्याची अंड्याच्या आकाराची मोठी चिनीमातीची शेगडी होती. शनिवारी पहाटे कोळसा पेटवायचा आणि दिवसभर खुर्ची टाकून धुराकडे बघत बसायचा. नाकाचं काम त्याने डोळ्यांवर सोपवलं होतं. कुंपणापलीकडून मला वाटायचं, हा माणूस बसल्या जागी कुठेतरी लांब गेलाय.

त्या ऑगस्टमध्ये, मेळाव्याला दोन आठवडे असताना, झाकणाच्या काठावरची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाची, पट्टी जळून सुटली. फटीतून धूर गळू लागला, हवा आत शिरून विस्तव भडकू लागला. नवी पट्टी मिळाली, पण ती चिकटवायची कशाने?

हार्डवेअरच्या दुकानातल्या व्हॉन्सीलने फवाऱ्याचा डबा पुढे केला. "हा ने. फुस्स केलं की झालं."

"उष्णता किती सोसतो?"

"डब्यावर वाच की! मी काय तव्यावर परतून बघितलाय?"

ओडेलने तीन गोंद आणले: तो फवारा, भट्टीच्या विटा सांधायचं सिमेंट, आणि मोटारीच्या इंजिनाला लावतात ते लाल सिलिकॉन. कुंडी फोडून तिच्या खापऱ्यांवर पट्टीचे तुकडे चिकटवले, दोन दिवस वाळू दिले, मग विस्तवाजवळ ठेवले. फवारा पाघळला. सिमेंट टिकलं, पण टिचकी मारताच तडकलं. सिलिकॉन मात्र तापूनही मऊ, घट्ट.

आता एकच अडचण होती. त्याचा वास मांसात उतरला तर? त्याने एका नव्या खापरीवर ताजं सिलिकॉन लावलं आणि बायकोला हाक मारली.

"आर्डिथ, जरा हुंगून सांग."

"मी काय शिकारी कुत्री आहे?" म्हणत ती आली. खरं तर इतक्या वर्षांत तिने त्याच्यासमोर वासाचा शब्द काढला नव्हता. उपाशी माणसापुढे जेवणाच्या गप्पा कशाला, असं तिला वाटायचं.

तिने खापरी नाकाशी धरली. "व्हिनेगर."

"नुसतं?"

तिने डोळे मिटले. "आईच्या भेंडीच्या लोणच्याची बरणी उघडल्यासारखं. शेपू घालायची ती त्यात. आणि खाली फळीचं ओलसर लाकूड."

"मग?" ओडेलनेही डोळे मिटले होते.

"मग काय? मग तुझा शर्ट. घाम आणि कोळसा. पलीकडे कुणीतरी गवत कापलंय. कच्च्या काकडीसारखं आहे ते."

दुपार संथ झाली होती. झाडांत सिकाडा किडे एकसुरात करकरत होते. ती सांगत गेली, तापलेली लाल माती, नळाच्या तोंडाचं लोखंड, आणि तो मान मागे टाकून ऐकत राहिला. मी कुंपणाशी पाण्याची नळी धरून उभा होतो. पाणी पायावर पडतंय हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरणीला झाकण लागलं." तिसऱ्या दिवशी, "आता काही नाही. उन्हातला दगड."

म्हणजे गोंद पुरता मुरला. मग ओडेलने जुना चिकटा खरवडून आर्डिथच्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याने काठ पुसला. सिलिकॉन बोटाने पातळ पसरलं, पट्टी न ताणता बसवली, मध्ये मेणकागद घालून झाकण मिटलं आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी झाकणाच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून ओढून पाहिला. निघेना. आच केली तेव्हा धूर फक्त वरच्या भोकातून, सुतासारखा सरळ चढला.

मेळाव्यात मांस बोटाने सुटत होतं. पाद्रीबाईंनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. "ओडेल, या वेळी काय वेगळं केलंस?"

"बायकोला विचारलं," तो म्हणाला. सगळे हसले. आर्डिथ लाजली.

हल्ली दोघं रोज संध्याकाळी परसात बसतात, शेगडी पेटलेली असो वा नसो. परवा मी कुंपणावरून विचारलं, "आज काय शिजतंय?"

"गप रे," आर्डिथ डोळे न उघडता म्हणाली, "मी आत्ता कुठे तुझ्या मॅग्नोलियाच्या फुलांपर्यंत आलेय."