घडावरची निळी पिशवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सुरतेकडच्या किनाऱ्यावर मी एक खोटं बोललो आणि ते दुसऱ्याच एका बाईला भोवलं.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात तुकईथडला माझी केळीची बाग आहे. घड भरू लागला की त्यावर निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवतो. बांधायला सुतळी विकत आणत नाही. बुऱ्हाणपूरच्या पावरलूमवर कापडाचा काठ कापून टाकतात, त्या चिंध्या आणतो. कापणीला घाई असते. मजूर गाठ न सोडताच पिशवी ओरबाडून काढतात आणि ढीग लावतात नाल्याच्या काठावर. पूर आला की नाला तापीत, तापी पुढे सुरतेजवळ समुद्रात. "तापीमाय घेऊन जाते," म्हणायचं आणि हात झटकायचे. वर्षानुवर्षं हेच.

बहीण सुरतेला दिलेली. एका रविवारी दाजी म्हणाले, "चला पाव्हणे, समुद्र दाखवतो. पण वाकावं लागेल हं, बांधावर उभं राहून हुकूम सोडता तसं नाही." तिथे काही मंडळी दर रविवारी किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक गोळा करत. ते भंगारात जाई, आणि त्या पैशांतून मच्छिमारांना जाळ्यांसाठी सूत मिळे. मीही पोतं भरू लागलो.

एक मच्छिमार बाई वाळूत बसून जाळं सोडवत होती. त्यात एक पिशवी इतकी गुंतलेली की शेवटी तिने सुरीने जाळंच कापलं आणि पिशवी माझ्यापुढे टाकली. निळी. तोंडाला पांढऱ्या काठाची चिंधी, दोन वेढे, वर फास. आमच्याकडची गाठ.

"भैया, ये किसकी थैली है? हर साल आती है, मुई."

दाजी कौतुकाने म्हणाले, "इनसे पूछो. इतनी दूर से आए हैं सफाई करने!"

मी म्हणालो, "अस्पताल की लगती है."

तिथल्या मच्छिमारांच्या वस्तीजवळ एकच छोटा दवाखाना होता. महिन्याभराने दाजींचा फोन आला. "पाव्हणे, तुमचं ऐकून लोक दवाखान्यावर गेले की! कचरा टाकणाऱ्या बाईला कामावरून काढलं. रडत होती म्हणे, मेरी नहीं है, मेरी नहीं है."

मी बहिणीची खुशाली विचारली आणि फोन ठेवला.

वाटेत एवढी धरणं, ती पिशवी माझ्याच शेतातली कशावरून, असं मनाला पुष्कळ समजावून पाहिलं. पण गाठ मी ओळखली होती. आता कापणी झाली की पिशव्या पोत्यांत भरून गोठ्यामागे ठेवतो. बायको विचारते, "हा कचरा कशाला जपता हो?" मी विषय बदलतो. पोती भरल्याने त्या बाईचं काम परत आलेलं नाही.

त्या वस्तीत जाऊन, दोघी बायांसमोर आणि दाजींसमोर, ती पिशवी केळीच्या घडावरची आहे, आमच्याकडची आहे, हे मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.